पिणाऱ्याला न कळता

आंब्याच्या कलमाच्या बुंध्याभोवती गोल चर खणायचा. औषध पाण्यात कालवून त्यात ओतायचं. माती लोटून पायाने दाबायची. झाड आपल्याला वाटलं म्हणून मोहोरतं.

*

एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीवर, निळ्या अक्षरांत: दारू सोडवा. पिणाऱ्याला न कळता. फोन नंबराच्या शेवटच्या आकड्याचा पोपडा निघालेला.

*

वाळूत दारू ओतली की आधी फेस, मग खळगा, मग काहीच नाही.

*

"मनात आणलं की होतं." टाळ्या.

*

कुळथाच्या पिठल्यात काहीही मिसळलं तरी कळत नाही, असं बायका म्हणतात. पुरुषांसमोर म्हणत नाहीत.

*

मांजर आधी हुंगतं.

*

रघू मागच्या दाराने आला, ही चूक झाली. एरवी तो पुढून येतो, खाकरतो, चपला आपटतो. पण आषाढातल्या त्या दुपारी पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. तो मागच्या पडवीत पाय धुवायला गेला आणि पन्हळीच्या आवाजात आतल्यांना त्याची चाहूल लागली नाही.

आत त्याची बायको कमला होती. आणि गंगा, म्हणजे रघूच्या बागेत कामाला येणाऱ्या लवूची बायको.

"तेवढं सांग ना गो, सावर्ड्याची ती पुडी. कोण देतो? कुठे बसतो तो?"

"हळू बोल."

"हळू काय हळू! ह्या पावसात माझं मला ऐकू येत नाय. तू आणलीस ना तेव्हा? सुटली ना रघूदादांची?"

"गंगे."

"माझ्यापासून कशाला लपवतेस? दादा सगळ्या गावाला सांगत फिरतात, मनात आणा, मनात आणा. आमच्या ह्यांच्या मनात काय येतं ते मला माहीत हाय. संध्याकाळ झाली की एकच गोष्ट येते."

रघूच्या हातातला तांब्या दगडाला लागला. तो घरात शिरला तेव्हा दोघी भाजीच्या वेलांबद्दल बोलत होत्या.

"पडवळाचं बी मागत होती," कमला म्हणाली.

त्याने विचारलं नव्हतं.

*

रघूने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली होती. हे दोन हजार तीन साल.

सोडली म्हणजे कशी, हे सगळ्या पंचक्रोशीला तोंडपाठ होतं, कारण रघूनेच ते सांगितलं होतं. देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या पटांगणात, लोकांच्या ओट्यांवर. दोन हजार सालची गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून सगळे मित्र आरे-वारेला सुरूच्या बनात ताडपत्री बांधून बसलेले. समुद्र खवळलेला. रघूच्या हातात ग्लास. आणि त्याच्या मनात आलं, रघ्या, आता पुरे. त्याने अख्खी बाटली उचलली, वाळूत उलटी केली, रिकामी झाल्यावर बूच परत लावलं आणि खिशात टाकली. ते बूच लावणं लोकांना फार आवडायचं.

श्रावणात सगळेच सोडतात. गौरी-गणपती पाण्यात गेले की सगळेच पुन्हा धरतात. रघूने धरली नाही. त्या वर्षी नाही, पुढल्या वर्षी नाही. जमिनीचा तुकडा, बायकोचे सोन्याचे डाग, वडिलांचं घड्याळ, सगळं ज्या हाताने घालवलं त्याच हाताने सोडली, असं तो सांगायचा, आणि हात वर करून दाखवायचा. आयुष्यात स्वतः केलेली अशी त्याच्याकडे एकच गोष्ट होती. बाग वडिलांनी लावली. लग्न आत्याने जमवलं. दारूसुद्धा कुणीतरी पहिल्यांदा पाजली होती. सोडली मात्र त्याने.

यंदाच्या गटारीला मंडळाने त्याचा सत्कार ठेवला होता. संध्याकाळी सात वाजता, देवळात.

सत्काराला दहा-बारा दिवस असताना गंगेने पुडीचं नाव काढलं.

*

ओकारी.

त्या दिवशी आरे-वारेला त्याला ओकारी झाली होती. दुसऱ्याच ग्लासाला. छाती धडधडली होती, कानशिलं पेटली होती. पहिल्या वर्षी तो हे सांगायचा. "शरीरानेच झिडकारलं बघा," असं म्हणायचा. दुसऱ्या वर्षापासून भाषणातून ओकारी गळून गेली. कुणी गाळली? मुद्दाम गाळल्याचं काही त्याला आठवेना.

*

रत्नागिरीत ओळखीच्या नसलेल्या एका मेडिकलमध्ये रघू उभा राहिला. छत्रीचं पाणी आत गळत होतं.

"दारू सोडायचं औषध असतं ना? न सांगता देण्याचं?"

"न सांगता द्यायचं नसतं. डॉक्टरची चिठ्ठी लागते."

"पण देतात."

"देतात. पुडीवाले तर काय काय देतात. कुणासाठी हवंय?"

"शेजाऱ्यासाठी," रघू म्हणाला. "काय होतं घेतलं की?"

"गोळी पोटात असताना प्यायला तर उलटी. तोंड लालभडक, छातीत धडधड. वाटतं आता मेलो. एखादा घाबरून सोडतोसुद्धा."

"आणि न पिणाऱ्याने खाल्ली तर?"

"तर काय, बहुतेकांना कळतही नाही."

"अंगात किती दिवस राहतं?"

दुकानदाराने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. "शेजारी किती दिवस तग धरेल त्यावर आहे," तो म्हणाला, आणि मागचं गिऱ्हाईक हसलं.

*

मग रघू घरात लक्ष ठेवू लागला.

चहा स्वतः करून घेऊ लागला. कमला म्हणाली, "बरं झालं, माझे हात मोकळे." यात सुटकेचा सूर होता का? दुपारी जेवायला घरी न येता नाक्यावर मिसळ खाऊ लागला. तिथे त्याच्या मनात आलं की नाक्यावरचा हॉटेलवाला कमलाच्या माहेरच्या गावचा आहे.

एका रात्री पानं वाढून झाल्यावर त्याने आपलं ताट कमलासमोर सरकवलं आणि तिचं ओढून घेतलं.

"हे काय?"

"तुझ्या पानात भात कमी दिसतो."

"मग मला वाढा की. पान कशाला बदलता?"

पण तिने त्याच्या ताटातलं खाल्लं. आमटी ओरपली, बोटं चाटली. रघूला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच मेडिकलवाल्याचं बोलणं आठवलं. न पिणाऱ्याला कळतही नाही. कमला पीत नव्हती. म्हणजे तिने खाल्लं याचा अर्थ शून्य. तो स्वतःही पीत नव्हता. म्हणजे आजही त्याच्या जेवणात काही पडत असलं तर त्याला कळायचा मार्ग एकच होता.

तो मार्ग त्याला दिसला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं. हे पाणी कुणाचं, याचाही संशय आला.

*

पुडी असेल तर वाळूत उभा राहिलेला तो माणूस घाबरलेलं जनावर होता, दुसरं काही नाही. मग तीन वर्षं भाषणं कोण देत होतं? आणि आज न पिणारा कोण?

*

बागेत कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, घालायचे दिवस. लवू चर खणत होता, रघू बादलीत औषध ढवळत होता. कातळाची जमीन, फावडं दर वेळी ठण्ण करत होतं.

"ह्यांना कळत असंल काय दादा?" लवूने विचारलं. मुरलेल्या दारूचा वास त्याच्या घामातून येत होता.

"कुणाला?"

"ह्यांना." त्याने फावड्याच्या दांड्याने कलमाला टोचलं. "त्यांना वाटत असंल, यंदा मोहोरावंसं वाटतंय बुवा. आणि हितं आपण खाली बसलोय ओतत."

"गप खण."

"एक वर्ष नाय घातलं तर?"

"मागल्याचं मातीत उरलेलं असतं. तरी मोहोरतं."

"म्हणजे सुटका नायच." लवू खुशीत हसला, जणू कलमाचं काहीतरी त्याला समजलं होतं.

गेल्या वर्षी याच लवूला रघूने चारचौघांत म्हटलं होतं, तुझ्या मनातच नाही रे, मनात असतं तर एवढं जड नाही. लवूने मान खाली घातली होती. त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त प्यायला होता आणि गंगेचा हात सुजला होता.

दुपारी लवूने डबा उघडला. कुळथाचं पिठलं, भात, सुकट.

"काय झालंय गंगेला कोण जाणे," तो म्हणाला. "चार दिवस झाले, रोज आवडीचं. घ्या दादा थोडं."

रघूने पिठल्याकडे पाहिलं. पिवळसर, वर तेलाचा तवंग. पिठल्यासारखंच.

"नको," तो म्हणाला. "तू खा."

लवू खाऊ लागला. रघूला आपला आवाज ओळखीचा वाटला. बादली ढवळताना तो याच आवाजात म्हणायचा, ओत.

*

मजीद हा रघूचा आंबा वाशीला पाठवणारा व्यापारी. त्या गटारीला टेम्पो त्याचाच होता. स्वतः प्यायचा नाही, म्हणूनच त्याला न्यायचे. परत आणायला शुद्धीतला एक माणूस लागायचा.

"त्या दिवशी मला ओकारी झाली, आठवतं तुला?" रघूने विचारलं. मजीद रिकाम्या पेट्यांच्या फळ्या ठोकून घेत होता.

"तुलाच? तिघं ओकलात, रघूशेठ. कोंबडी सकाळी कापलेली आणि दिवसभर ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवलेली. टेम्पो दुसऱ्या दिवशी कोणी धुतला? मीच ना."

"तिघं?"

"तिघं. भाषणात तू एकटाच असतोस, ते बरोबर आहे. भाषणात कोंबडी शोभत नाही."

"म्हणजे कोंबडीने सोडवली माझी दारू?"

"बाकीच्या दोघांची नाही सोडवली," मजीद म्हणाला. "ते पंधरवड्यात परत बसले. श्रावणसुद्धा पाळला नाही मेल्यांनी."

रघूने त्याला पुडीचं सांगितलं. मजीदने हातोडी खाली ठेवली.

"आता मला बघ," तो म्हणाला. "मी पीत नाही. का? अब्बांनी सांगितलं म्हणून. अब्बांना त्यांच्या अब्बांनी. मी कधी ठरवायलाच बसलो नाही. माझ्या पिठल्यात तर जन्माआधीच कुणीतरी घालून ठेवलंय. मला झोप लागते. तू का जागा राहतोस?"

"तुझा सत्कार नाही ना ठेवलेला."

"हां," मजीद म्हणाला. "सत्कार वाईट."

रघू उठला तेव्हा तो मागून म्हणाला, "वहिनींना सरळ विचार की."

"ती खरं बोलेल?"

"ते माहीत नाही. पण तू कुठलं उत्तर खरं मानशील, ते आधी ठरवून जा."

*

गटारीच्या दिवशी दुपारी रघूने बाजारातून एक क्वार्टर घेतली. दुकानदाराने ओळखलं. "पाव्हण्यांसाठी ना?" असं त्यानेच उत्तर पुरवलं.

आरे-वारेला सुरूच्या बनात तेच ठिकाण त्याला सापडलं, किंवा तेच आहे असं त्याने धरून चाललं. वाळू बदललेली असते. दूर दुसऱ्या कुणाची तरी ताडपत्री फडफडत होती आणि हसणं ऐकू येत होतं.

त्याने हिशेब मांडला. आठ दिवस तो घरात फक्त भात आणि स्वतः फोडलेला नारळ खात होता. आता एक घोट घ्यायचा. उलटी झाली तर ती आजही घालतेय, भातातसुद्धा. नाही झाली तर

नाही झाली तर काय? तर आज काही घालत नाही एवढंच. तीन वर्षांपूर्वीचं काहीच कळणार नाही. आणि तो प्यायलेला असेल.

म्हणजे तपासायला आलोय हेही खरं नव्हतं. तो प्यायलाच आला होता. गंगेचं बोलणं ऐकल्यापासून तो इथेच येत होता. संशय म्हणून ज्याचा हात धरून चालला, ती तहानच असेल. किंवा संशयाने तहान आणली असेल. त्याने बूच फिरवलं. वास आला आणि मान मागे ओढली गेली.

कुणी ओढली? पुडीने? कोंबडीने? तीन वर्षांच्या टाळ्यांनी? की त्याने?

तो थांबला आणि आत कान देऊन राहिला. एखादा आवाज येईल, मी आहे म्हणणारा. लाटांचा येत होता. ताडपत्रीकडून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, एकटेच? या की हिकडं!"

हात हलला नाही. ओठांकडे नाही, वाळूकडेही नाही. ओतावी तर मागल्या खेपेची नक्कल झाली असती. शेवटी त्याने बूच लावलं आणि बाटली घेऊन घरी आला.

*

कमलाने दिव्याच्या अवसेसाठी घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले होते. समया, निरांजनं, कंदिलाचं पितळी तळसुद्धा. स्वयंपाकघरात वडे तळल्याचा वास.

"मंडळाचा माणूस दोनदा येऊन गेला," ती म्हणाली. "सत्कार तुमचा आणि तुमचाच पत्ता नाही."

रघूने क्वार्टर ओट्यावर ठेवली. कमलाने आधी बाटली किती भरलीय ते पाहिलं, मग त्याच्याकडे.

"घेतलेली नाही. वास घे हवा तर."

"घेतला. दारात आलात तेव्हाच."

"तेव्हाच?"

"रोजच घेते. टॉवेल द्यायला पुढे येते ती काय टॉवेलासाठी येते?"

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

तो दुसऱ्या पाटावर बसला. इतके दिवस तो तिच्यावर नजर ठेवत होता, आणि ती त्याच्याही आधीपासून त्याच्यावर.

"कमळ, एकच सांग. सावर्ड्याची पुडी तू मला घातलीस का?"

तिने गॅस बारीक केला.

"हो म्हटलं तर?"

"तर मला कळेल."

"काय कळेल? म्हणाल, मी सोडलीच नव्हती, मग आता कशाला थांबू. आणि नाही म्हटलं तर म्हणाल, खोटं बोलते, बघतोच पिऊन. दोन्ही वाटा ह्या बाटलीशीच येतात. बाटलीसुद्धा बरोबर घेऊनच आलाय. मग मी तोंड कशाला उघडू?"

"मला माझं कळायला नको?"

"मला कळायला नको?" ती एकदम म्हणाली. "रोज संध्याकाळी दारात उभी राहते तेव्हा मला काय माहीत असतं? तुम्ही आत येईपर्यंत मला काही माहीत नसतं. त्याची सवय झाली मला. तुम्हीही करून घ्या."

बाहेर देवळातून लाऊडस्पीकरवर कुणीतरी माइक ठोकत होतं. हॅलो, हॅलो.

"उद्या लवूला सांगणार आहे मी," रघू म्हणाला. "त्याच्या डब्यात काय असतं ते. माणूस आहे तो, कलम नाही."

"सांगा." कमलाने वडा झाऱ्यावर निथळत धरला. "मग तो डबा फेकेल, पिऊन येईल, आणि रात्री गंगा मार खाईल. तेव्हा तिथे तुम्ही असाल का?"

रघूने बाटली ओट्यावर मागे सरकवली.

"जेवायला बसा," ती म्हणाली.

दोन पानं वाढली गेली. रघूने आपल्या पानाकडे पाहिलं, मग तिच्या. रस्सा दोन्हीकडे सारखाच लाल होता. त्याने पान बदललं नाही. वडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. काहीतरी कडवट लागलं. खोबरं जास्त भाजलं गेलं असेल. बहुतेक.

कमला त्याच्या तोंडाकडे बघत होती. नेहमी बघायची तशी, किंवा नेहमीपेक्षा जास्त.

"आणखी वाढ," तो म्हणाला.

तिने वाढलं. त्याने सगळं खाल्लं. देवळातल्या माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं, तरी तो पानावरून उठला नाही.

सकाळी बाटली ओट्यावर नव्हती. त्याने विचारलं नाही. दुपारी बागेत लवूने डबा उघडला आणि म्हणाला, "दादा, आज परत पिठलं." रघूने तोंड उघडलं. गंगेचा सुजलेला हात त्याला आठवला, किंवा त्याने तो आठवून घेतला.

"जेव," तो म्हणाला, आणि बादली उचलून पुढच्या कलमाकडे गेला.

*

कमला सावर्ड्याला गेली ती दोन हजार साली, गौरी-गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. गटारी होऊन तेव्हा महिना उलटला होता. पुडी तुळशीच्या लग्नापर्यंत पुरली.